टाकी अर्धी दाखवते, पण किती किमी जाईल? कांड्या, काटा आणि रिझर्व्हचा हिशेब (इंदूर)

पलासिया_१२५

१२५ सीसी, बीएस-६, एफआय (फ्युएल इंजेक्शनवाली) गाडी. टाकी कंपनीच्या पुस्तकात १० लिटर. मीटर डिजिटल, सहा कांड्यांचं.

टाकी फुल केल्यावर पहिली कांडी जायला १३० किमी लागतात. दुसरी २०५ ला जाते, तिसरी २७० ला, चौथी ३३० ला आणि ३८५ च्या सुमारास शेवटची एकटी उरून लुकलुकायला लागते. म्हणजे सगळ्या कांड्या सारख्या नाहीत. त्यात भर म्हणजे साइड स्टँडवर लावली की कधी एक कांडी वाढते, कधी तीनवरून एकदम एकवर येते आणि थोडं चाललं की परत तीन. "इतके किमी जाईल" असा जो आकडा येतो, तो भंवरकुआच्या सिग्नलवर ११० होता आणि तेजाजी नगर ओलांडून सिमरोलपर्यंत १४० झाला. पेट्रोल तर कुणी टाकलं नाही!

रविवारी ओंकारेश्वरला जायचं आहे, दोघं जण, जाऊन-येऊन साधारण १६० किमी. आत्ता ट्रिप मीटर २७० वर आहे, कांड्या तीन. भरवसा कशावर ठेवायचा?

दुसरं, घरात बाबांची जुनी १०० सीसी कार्बोरेटरवाली आहे. तिचा काटा कधीचा मेलेला आहे. तिच्यात रिझर्व्ह नेमकं किती, हे कसं मोजायचं?

फ्लोटवाला_महू

आधी कांड्यांचं बोलू. मीटर लिटर मोजत नाही, फ्लोटची उंची मोजतं. टाकीत एका दांडीच्या टोकाला फ्लोट असतो. दांडी हलली की तिच्या मुळाशी असलेला पितळी पत्रा रेझिस्टन्सच्या पट्टीवर सरकतो आणि मीटर तो रेझिस्टन्स वाचून कांड्या दाखवतं. आता टाकीचा आकार बघा. वर रुंद, खाली निमुळती, आणि मधोमध फ्रेमच्या पाइपासाठी बोगदा. त्यामुळे वरच्या एका सेंटीमीटरमध्ये जितकं पेट्रोल मावतं, तितकं खालच्या एका सेंटीमीटरमध्ये मावत नाही. शेवटच्या कांड्या भरभर जातात त्या याच कारणानं.

पहिल्या कांडीचं कारण वेगळं. फुल टाकीत फ्लोट वर जाऊन अडकलेला असतो. पेट्रोलची पातळी त्याच्याखाली येईपर्यंत तो हलतच नाही, आणि तोवर लिटरभर सहज जळून जातं. म्हणून ते १३० किमी. यात बिघाड काही नाही, सगळ्याच गाड्या पहिल्या कांडीला लाडात ठेवतात.

साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, पेट्रोलही तिकडे जातं. फ्लोट त्या बाजूला असेल तर कांडी वाढते, दुसऱ्या बाजूला असेल तर कमी होते. वाचायचं असेल तर मेन स्टँडवर, सपाट जागी, चावी ऑन करून अर्धा मिनिट थांबा. पेट्रोल हेलकावतं म्हणून मीटरला मुद्दाम आळशी केलेलं असतं, लगेच उत्तर देत नाही.

पण तीनवरून एक आणि परत तीन, हे मात्र कलण्याचं लक्षण नाही. तिथे पट्टी झिजली असावी किंवा कनेक्टरमध्ये गंज असावा. टाकी न उघडता तपासता येतं. टाकीखालून फ्लोटच्या वायरी बाहेर येतात, त्यांचा कनेक्टर काढा. चावी बंद ठेवून साधा पिवळा मल्टिमीटर २०० ओहमवर लावा आणि टाकीकडच्या दोन टोकांत रेझिस्टन्स बघा. टाकीतल्या पेट्रोल उचलणाऱ्या पंपाच्याच कनेक्टरमध्ये फ्लोटच्या वायरी असतील तर पंपाची जोडी कोणती, फ्लोटची कोणती, हे वायरिंगच्या चित्रावरून आधी ओळखा. पंपाच्या टोकांना हात लावू नका. फुल टाकीला एक, अर्ध्याला एक, शेवटच्या कांडीला एक असं तीनदा मोजा आणि दर वेळी गाडी हलकेच डावी-उजवी डोलवा. आकडा सावकाश वर-खाली व्हायला हवा. उड्या मारल्या तर दोष फ्लोटच्या युनिटमध्ये. आकडा नीट असेल आणि कांड्या तरी वेड्यावाकड्या, तर दोष कनेक्टर, अर्थिंगची वायर किंवा मीटरमध्ये. हिरवट गंज दिसला तर आधी तो काढा, निम्म्या गाड्या तिथेच बऱ्या होतात.

लिटरवही

भरवसा कशावर, तर ट्रिप मीटर आणि पावतीवरच्या लिटरवर. कांड्या या फक्त साक्षीदार, त्याही दुसऱ्या नंबरच्या.

टाकी फुल म्हणजे नेमकं कुठपर्यंत, हे एकदा ठरवा आणि बदलू नका. तोंडाच्या आत जी कॉलर खाली उतरते, तिच्या खालच्या कडेपर्यंत भरायचं. काठोकाठ नाही. पेट्रोल दर अंशाला साधारण ०.१ टक्का फुगतं. जमिनीखालच्या टाकीतून आलेलं पेट्रोल उन्हात २० अंशांनी तापलं तर १० लिटरमागे २०० मिलीला जागा लागते. मे महिन्यात राजवाड्यापाशी दुपारी गाडी उभी केली की तेच पेट्रोल ओघळून किंवा हवेच्या नळीतून बाहेर जातं. पुस्तकात लिहिलेले १० लिटर बऱ्याचदा काठापर्यंतचे असतात. कॉलरपर्यंत ९.६ धरा, नंतर स्वतःच्या नोंदीतून सुधारा.

भरताना गाडी मेन स्टँडवर, शक्यतो तोच पंप. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की हळूहळू कॉलरपर्यंत. पावती घ्या, ट्रिप शून्य करा. पुढच्या वेळी पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरा. किती लिटर बसलं ते पावती सांगेल, किती किमी झाले ते ट्रिप. भागाकार करा.

इथे दोन चुका सगळे करतात. एक, अर्ध्याआधीच भरतात. खूण चुकून २०० मिली इकडेतिकडे झालं, तर २ लिटरच्या भरण्यात ती चूक १० टक्क्यांची होते, ८ लिटरच्या भरण्यात अडीचचीच. म्हणून निदान ६ लिटर बसेल इतकं चालवून भरा. दुसरी चूक म्हणजे प्रत्येक वेळचा अ‍ॅव्हरेज काढून त्यांची सरासरी. नको. किमीची बेरीज भागिले लिटरची बेरीज. समजा ३१८ किमीला ६.२, २९६ ला ६.१, ३४१ ला ६.६ लिटर. एकूण ९५५ किमी, १८.९ लिटर, म्हणजे ५०.५. पण प्रवासाचा हिशेब ५०.५ वर नाही, या तिघांतल्या सगळ्यात वाईट आकड्यावर करायचा, म्हणजे ४८.५. सोयीला ४८ धरा.

हेच ४८ धरून तुमचा रविवार बघू. २७० किमी भागिले ४८ म्हणजे ५.६ लिटर गेलं. ९.६ मधून वजा केलं की ४ उरलं. त्यातलं दीड लिटर हात न लावण्याचं: काही पेट्रोल टाकीच्या तळाशी पंपाला उचलताच येत नाही, आणि बाकी राखीव. उरलं अडीच. अडीच गुणिले ४८ म्हणजे १२० किमी. १६० जमत नाही. निघतानाच भरा, किंवा वाटेत बडवाहला. तुमच्याच आकड्यांवरून शेवटची कांडी लुकलुकते तेव्हा टाकीत दीड-दोन लिटर असतं, म्हणजे ती इशाऱ्याची कांडी बरोबर काम करते आहे.

"शंभराचं टाक भिया" ही सवय असेल तर यातलं काहीच जमणार नाही. शंभरात इंदुरात लिटरही येत नाही, आणि टाकी कधीच ज्ञात खुणेला पोहोचत नाही.

कांड्यांची स्वतःची तक्ती हवी असेल तर सोपं आहे. कधी दोन कांड्यांवर भरा, कधी तीनवर, कधी एकवर. ९.६ मधून बसलेले लिटर वजा केले की त्या कांडीला टाकीत किती होतं ते मिळतं. चार-पाच भरण्यांत तक्ती तयार, टाकीच्या झाकणाच्या आत चिकटवू नका, पेट्रोल शाई खातं. पाकिटात ठेवा.

सराफ्यातला_पाना

"इतके किमी जाईल" हा आकडा पेट्रोलच्या उरलेल्या अंदाजाला ताज्या अ‍ॅव्हरेजने गुणून येतो. एफआयमध्ये ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला ते माहीत असतं, त्यावरून तो अ‍ॅव्हरेज काढतो. भंवरकुआला उभं राहून अ‍ॅव्हरेज पडला, खंडवा रोडवर ५० च्या स्थिर वेगात सुधारला, म्हणून ११० चे १४०. दोन्ही आकडे त्या-त्या क्षणापुरते खरे. गुणाकारातला एक आकडा फ्लोटचा, आणि फ्लोटच बिघडलेला असेल तर उत्तरही बिघडलेलंच.

आता वाटेतला भेरूघाट. लोक घाटाचा बाऊ करतात तितकं पेट्रोल चढायला लागत नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, नर्मदाकाठ २०० च्या आसपास. गाडी आणि दोन माणसं मिळून २६० किलो धरा, ३५० मीटर चढायचे, इंजिनची कार्यक्षमता पाव धरा, तर चढाईचं जास्तीचं पेट्रोल सव्वाशे मिली निघतं. म्हणजे सहाएक किमीचं. खरं पेट्रोल खातात ते ट्रकांच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडणं आणि सपाटीवर ८० ने पळवणं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ५० वरून ८० म्हणजे विरोध अडीच पट.

घोटाळा इतकाच की जाताना उतार असतो, म्हणून ओंकारेश्वरला पोचेपर्यंत आकडा गोड दिसतो. त्यावर परतीचा हिशेब बांधू नका.

उतारावर इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये सोडणं, दोन्ही चुकीचं. एफआय गाडीत गिअर तसाच ठेवून थ्रॉटल पूर्ण सोडला की ईसीयू इंजेक्टर बंद करतो, पेट्रोल शून्य. न्यूट्रलमध्ये इंजिनला आयडलवर जिवंत ठेवायला पेट्रोल लागतंच. शिवाय इंजिनचा ब्रेक हातातून जातो, तो भाग तर घाटात चेष्टेचा नाही.

एक बारीक गोष्ट. टाकीत दीडेक लिटर असताना लांब उतार आला तर पेट्रोल टाकीच्या पुढच्या भागात जमा होतं, आणि पंप किंवा (कार्बोरेटरवाल्या गाडीत) पेट्रोलचा कॉक बहुतेक गाड्यांत मागे-खाली असतो. गाडी उतारावर गचके देते आणि सपाटीला आली की ठीक चालते. एफआयचा पंप पेट्रोलात बुडून थंड राहतो, त्याला असं वारंवार कोरडं चालवलं की त्याचं आयुष्य घटतं. पंप बदलायचा खर्च पाच लिटर पेट्रोलाच्या कितीतरी पट.

पलासिया_१२५

लिटरवही, हिशेब कळला, निघताना भरतो. फ्लोटवाले काका, मोजलं. टाकी फुल असताना ९ ओहम. शेवटच्या कांडीला ८८. अर्ध्याला गडबड आहे: ४२-४६ च्या मधे फिरतं, पण डोलवलं की मधेच मल्टिमीटर डावीकडे नुसता १ दाखवतो आणि परत ४४ वर येतो. कनेक्टर स्वच्छ आहे.

फ्लोटवाला_महू

तो १ म्हणजे आकडा नाही, सर्किट तुटलं असा अर्थ. पट्टी मधोमध झिजली आहे, पत्रा तिथे आला की संपर्क सुटतो. तुमच्या गाडीत ओहम वाढले की पेट्रोल कमी, म्हणजे सुटलेल्या संपर्काला मीटर रिकामी टाकी समजतं. तीनवरून एक, आणि डोलून पत्रा पुढे सरकला की परत तीन. सगळं जुळलं. (सगळ्या कंपन्यांचे ओहम सारखे नसतात, काहींत उलटंही असतं. हे आकडे दुसऱ्या गाडीला लावू नका.)

फुल आणि रिकामी ही दोन्ही टोकं बरोबर आहेत, तेव्हा मीटर आणि वायरिंगवर पैसे घालू नका. युनिट काढून साफ करून बघता येतं, झिज खोल असेल तर बदलावंच लागतं.

तुमच्या गाडीत ते पंपाच्या प्लेटवर असेल तर काम घरी करण्याआधी विचार करा. करायचंच तर: टाकी एका लिटरवर आणा. पंपाचा कनेक्टर काढून इंजिन चालू करा, लाइनमधलं प्रेशर संपलं की ते आपोआप बंद पडेल. मगच बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि पाइप सोडा. टाकी उतरवून उलटी, कापडावर. प्लेटचे नट समोरासमोरच्या जोडीने सैल करा. फ्लोटची दांडी वाकू न देता युनिट बाहेर. बाहेर मोकळ्या हवेत, जवळ पायलट लाइट (गॅस गीझरची सतत जळणारी ज्योत), बिडी, ग्राइंडर काही नको.

पट्टीवर पॉलिश पेपर कधीच घासू नका. ती सिरॅमिकवर छापलेली पातळ शाई असते, दोन घासांत निघून जाते. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश, बस. पत्र्याचं टोक एखाद्या केसाइतकं वाकवून दाब थोडा वाढवता येतो. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल डुचमळलं तर फ्लोट भोक पडलेला आहे, तो बुडतो आणि मीटर कायम रिकामं दाखवतं. तुमच्यात तसं नाही, नाहीतर फुलला ९ आलं नसतं.

बसवताना नवी ओ-रिंग घ्या. जुनी पेट्रोलने फुगते आणि परत खाचेत बसत नाही. दामटून बसवली की दोन दिवसांनी टाकीखाली थेंब. नट आडवे-उभे क्रमाने, थोडे-थोडे आवळा. बाजारातलं दुसऱ्या मॉडेलचं युनिट दांडी वाकवून बसवणारे भेटतील. ओहम जुळले तरी दांडीची लांबी जुळत नाही. पार्ट नंबर बघूनच घ्या.

सराफ्यातला_पाना

आता बाबांच्या गाडीचं. पेट्रोल कॉकमधून टाकीत दोन नळ्या वर जातात. ऑनची उंच, रिझर्व्हची तळाशी. पातळी उंच नळीच्या तोंडाखाली आली की गाडी गचके देते, "रिझर्व्हला लागली". काटा नसला तरी हे माप चोख आहे, कारण नळीची उंची बदलत नाही.

मोजायला: इंजिन ऑनवर पूर्ण बंद पडेपर्यंत चालवा. इंजिन थंड होऊ द्या. गाडी मेन स्टँडवर, उघड्या जागी. कार्बोरेटरकडची नळी काढून मापाच्या भांड्यात सोडा, भांडं धातूचं, आणि कॉक रिझर्व्हवर करा. जितकं येईल ते तुमचं रिझर्व्ह. धार थांबली की गाडी डावीकडे कलवा, बोगद्याच्या उजव्या बाजूला अडकलेलं थोडं आणखी उतरेल (कॉक डावीकडे असेल तर). हीच युक्ती रस्त्यात बंद पडल्यावर एक-दोन किमी देऊन जाते.

भांड्यात तळाशी वेगळा, न मिसळणारा थर दिसला तर ते पाणी. पेट्रोलपेक्षा जड म्हणून खाली बसतं आणि रिझर्व्हवर केलं की पहिलं तेच कार्बोरेटरमध्ये जातं. झाकणाभोवतीच्या खाचेतलं पाणी बाहेर नेणारं बारीक भोक कचऱ्याने बुजलं की पावसाळ्यात ते टाकीत शिरतं. पातळ तारेने मोकळं करा. कॉकखाली काचेची किंवा धातूची वाटी असेल तर तीही उघडून धुवा.

आणि भरल्यावर कॉक परत ऑनवर. रिझर्व्हवरच विसरला की पुढच्या वेळी गचक्यानंतर हाताशी काहीच नसतं. "काटा बरोबर नाही" म्हणत ढकलणाऱ्यांतले बरेच जण या कॉकचे बळी असतात.

राऊ_बायपास

एक मुद्दा राहिला. टाकी अर्धी असताना गाडी पेट्रोल संपल्यासारखी बंद पडली, झाकण उघडताना "स्स" आवाज आला आणि मग चालू झाली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलं आहे. पेट्रोल खाली जातं तशी हवा आत यायला हवी. बाहेरून तारेने टोचण्यापेक्षा झाकण काढून आतून फुंकर मारा.

आणि अलीकडे अ‍ॅव्हरेज पडल्याची तक्रार करताना ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) लक्षात घ्या. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात ई१० साठी जुळवलेल्या दुचाकींना ई२० वर ३ ते ४ टक्के घट धरलेली आहे. ५० चे ४८ झाले तर ते एवढ्यानेच होऊ शकतं. ४२ झाले तर ब्रेक घासतोय का, चेन किती आवळली आहे, हवा किती आहे ते बघा.

पलासिया_१२५

पुढच्या चाकाला २.७५-१८ ऐवजी ३.००-१८ टायर बसवला आहे. स्पीडोमीटरची केबल पुढच्याच चाकावरून जाते. याचा हिशेबावर परिणाम?

लिटरवही

होतो. नव्या टायरचा व्यास साधारण ५९७ मिमीवरून ६१० मिमी, म्हणजे २ टक्के जास्त. चाक एका फेरीत जास्त अंतर जातं, मीटर मात्र जुन्या फेरीचंच मोजतं. १०० दाखवलं तर प्रत्यक्ष १०२. वरच्या उदाहरणातला ५०.५ तुमच्या गाडीवर खरं तर ५१.५ च्या आसपास आहे. प्रवासाच्या हिशेबात मात्र दुरुस्ती करायची गरज नाही, अ‍ॅव्हरेज आणि चाललेले किमी दोन्ही त्याच मीटरवरून काढता आहात. फक्त नकाशावरचे १६० किमी तुमच्या मीटरवर १५७ दिसतील.

पंपाच्या मापाबद्दल शंका असेल तर पंपावर ५ लिटरचं शिक्का मारलेलं माप ठेवलेलं असतं, ते मागून घ्या. ५ लिटरला २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो, त्यापलीकडे तक्रार वैधमापन खात्याकडे. माप बघताना ते सपाट जमिनीवर ठेवायला सांगा आणि आधी आतून ओलं करून रिकामं केलेलं असू द्या, नाहीतर भिंतीला चिकटलेलं पेट्रोल पंपाच्या नावावर जातं.